डुप्लिकेट काढले तरी पुन्हा येतात: सभासद-खातेदारांच्या मोठ्या याद्यांसाठी समस्या निवारण

मार्चअखेर यादी साफ केली, हजारो दुहेरी नोंदी एकत्र केल्या, वरिष्ठांना आकडा कळवला. जूनमध्ये तीच तपासणी चालवली की पुन्हा तितक्याच जोड्या समोर. मग कोणीतरी जुळणीचा उंबरठा (किती गुण पडले की दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या, ती मर्यादा) ९० वरून ८० वर आणतं, आणखी नोंदी एकत्र होतात, आणि दोन महिन्यांनी काउंटरवर तक्रार येते की माझ्या खात्यावर भावाचं नाव कसं आलं. पतसंस्था, बँका, साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक याद्या, दवाखान्यांचे रुग्ण-क्रमांक, सगळीकडे हेच चक्र चालतं. पुढची उदाहरणं सभासद-खातेदार यादीची आहेत. इतर याद्यांना रकान्यांची नावं बदलून तीच लागू पडतात.

आधी मोजा, मग नियम बदला

सध्या सापडलेल्या जोड्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ३०० जोड्या काढा. प्रत्येक जोडीतल्या नंतरच्या नोंदीचा मूळ प्रणालीतला क्रमांक आणि खातं उघडल्याची तारीख पाहा. ओळ तयार झाल्याची तारीख पाहू नका. दर आयातीत ती नवी पडत असेल तर फसगत होते. आता तीन ढीग करा:

- मागच्या सफाईत काढलेलाच मूळ क्रमांक पुन्हा आलाय: ही परतलेली नोंद.
- मूळ क्रमांक नवा, तारीख सफाईनंतरची: ही नव्याने जन्मलेली.
- दोन्ही नोंदी सफाईच्या आधीपासूनच्या: ही तेव्हा निसटलेली.

उंबरठ्याचा संबंध फक्त तिसऱ्या ढिगाशी आहे, आणि तिथेही तो सहसा शेवटचं कारण असतो. पहिले दोन ढीग मोठे असतील तर जगातलं सर्वात हुशार जुळणीचं सॉफ्टवेअर आणूनही जून महिन्यात तेच दिसणार.

परतलेल्या नोंदी

सफाई मुख्य यादीत होते. शाखेचं सॉफ्टवेअर किंवा कर्जविभागाची एक्सेल फाइल मात्र जुनीच नोंद रात्रीच्या आयातीत पाठवत राहते. मुख्य यादीतली ती ओळ आपणच पुसलेली असल्याने आयातीला ती नवीन माणूस वाटते.

म्हणून ओळ पुसायची नाही. एक दुवा-तक्ता ठेवा: स्रोताचं नाव, स्रोतातला क्रमांक, आपला कायम क्रमांक, जोडल्याची तारीख, आणि कोणत्या नियमाने किंवा कोणी जोडलं. पहिल्या दोन रकान्यांवर मिळून एकमेवतेचं बंधन, म्हणजे तीच जोडी दोनदा भरताच येणार नाही. आयातीने सर्वांत आधी या तक्त्यात बघायचं. क्रमांक सापडला तर त्या कायम क्रमांकाखाली नोंद अद्ययावत करायची, जुळणीकडे पाठवायचीच नाही. स्रोत प्रणाली बदलताना खातेक्रमांक नव्याने दिले जाणार असतील, तर जुना-नवा क्रमांक दाखवणारी यादी जुनी प्रणाली बंद होण्याआधी हातात घ्या. नंतर ती कोणी देत नाही.

याच्या शेजारी दुसरा तक्ता हवा, जो बहुतेक ठिकाणी नसतो: ‘या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत’ असे निर्णय. जोडी नोंदवताना लहान क्रमांक नेहमी पहिल्या रकान्यात, म्हणजे तीच जोडी उलटी होऊन पुन्हा येत नाही. हा तक्ता नसेल तर त्याच जुळ्या भावांची जोडी दर तिमाहीला तपासनिसासमोर येते, आणि एखाद्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तो कंटाळून ‘होय’ दाबतो.

नव्याने जन्मलेल्या नोंदी

काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘सुनिल’ शोधलं, यादीत ‘सुनील’ आहे, ‘सापडले नाही’ आलं, त्याने नवं खातं उघडलं. चूक त्याची नाही, शोधाची आहे. शोध मूळ नावावर चालवू नका. पुढे सांगितलेल्या शुद्ध किल्लीवर, म्हणजे शुद्धलेखनाचे फरक काढलेल्या रूपावर, चालवा, आणि सोबत मोबाईल, पॅन, जन्मतारीख यांपैकी काहीही एक दिलं तरी उमेदवार दिसू द्या. आठ-दहा उमेदवार पुरेत. प्रत्येकापुढे गाव आणि जन्मवर्ष दाखवा, नाहीतर सहा ‘संजय पाटील’मधून कोणता हे त्याला कळणार कसं?

सक्तीचे रकाने हाही मोठा कारखाना आहे. मोबाईल सक्तीचा केला की ९९९९९९९९९९ भरला जातो. ‘नाही’ असा पर्याय द्या आणि असे भरताड क्रमांक जुळणीच्या आधी रिकामे करा. कोणते, ते शोधायला मोबाईलवार गट करून मोठ्यापासून लहान लावा. वरचे ५० डोळ्यांनी पाहिले की भरताड, एजंटचा स्वतःचा नंबर आणि गावातल्या सेवा केंद्राचा नंबर असे तिन्ही प्रकार दिसतात.

डेटाबेसची बाजू: पॅनवर एकमेवतेचं बंधन आहे, तरी दुहेरी नोंद शिरते, याची नेहमीची कारणं तीन. बंधन कच्च्या रकान्यावर आहे, आणि शेवटी एक मोकळी जागा असलेला पॅन वेगळा ठरतो. रकाना रिकामा आहे, आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस-सॉफ्टवेअर अशा कितीही रिकाम्या (नल) मूल्यांना मुभा देतं. १५व्या आवृत्तीपासून ती एकसारखी धरण्याचा पर्याय आहे, पण पॅन नसलेले सभासद अनेक असतील तर तो इथे चालणार नाही. तिसरं, बंधनच नाही. प्रोग्राम आधी शोधतो आणि मग भरतो, आणि एकाच क्षणी दोन शाखांनी भरलं तर दोन्ही आत. ‘आधी शोधा, मग भरा’ हे बंधनाची जागा घेऊ शकत नाही.

निसटलेल्या नोंदी: देवनागरी

डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी का दिसतात, हे आधी तपासा. दोन्हींची अक्षरलांबी मोजा. लांबी वेगळी आली तर कारण यांपैकी एक असतं.

ॲ दोन प्रकारे टंकला जातो: एकसंध ॲ (यू+०९७२), किंवा अ आणि त्यावर ॅ. दिसायला एकच, पण यूनिकोडच्या लेखी ही समतुल्य रूपं नाहीत, त्यामुळे एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे समतुल्य रूपं एकाच ठरावीक रूपात आणण्याच्या यूनिकोडच्या पद्धतीने, ती एक होत नाहीत. स्वतःचा नियम लिहावा लागतो. ऑ आणि आ+ॅ यांचंही तेच.

गोऱ्हे, कऱ्हाडे यांतला ऱ. एक पद्धत म्हणजे ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा न दिसणारा जोडक. एनएफसी इथेही मदत करत नाही. आणि कोणी उत्साहाने सगळी अदृश्य चिन्हं आधीच पुसली तर दुसऱ्या पद्धतीचं नाव रफार घेऊन ‘गोर्हे’ होतं, पासबुकावर तसंच छापलं जातं. आधी ‘र, हलन्त, जोडक’चं ‘ऱ, हलन्त’ करा, मग उरलेले जोडक आणि तसेच न दिसणारे विभाजक काढा.

नुक्त्याचं, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचं, गणित थोडं विचित्र आहे. र आणि नुक्ता हे एनएफसीत एकत्र येऊन ऱ होतात, पण क़, ज़, फ़ ही एकसंध अक्षरं एनएफसीत उलट फुटून दोन होतात. एका फाइलवर सामान्यीकरण केलं आणि दुसरीवर नाही, की जुळणी बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठीचं फंक्शन १३व्या आवृत्तीपासून आहे.

बाकी किरकोळ, पण संख्येने भरपूर: विसर्गाऐवजी अपूर्णविराम, देवनागरी आणि रोमन अंकांची सरमिसळ, न तुटणारी मोकळी जागा, फाइलच्या पहिल्या नावाआधी चिकटलेलं अदृश्य चिन्ह, जुन्या फाँटमधून रूपांतर करताना दोनदा पडलेली मात्रा.

आता सर्वांत घातक चूक. पायथॉनमध्ये ‘अक्षर-अंक आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं काढ’ असा नेहमीचा नमुना लिहिला, तर मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही निघून जातात, कारण तिथल्या मूळ मॉड्यूलच्या लेखी ती अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. काळे आणि कोळी दोघेही ‘कळ’. माने आणि मोने दोघेही ‘मन’. ही चूक निसटलेल्या जोड्या वाढवत नाही, खोट्या वाढवते, त्यामुळे आकडा पाहून सगळे खूशच होतात. साफ केलेल्या रकान्यात एकही वेलांटी सापडत नसेल तर हेच झालंय. नमुन्यात यूनिकोडच्या अक्षर वर्गासोबत चिन्ह वर्गही राखा.

पोस्टग्रेसची त्रिअक्षरी साम्याची जोड (नावाचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे, म्हणजे त्रिकुटं, करून तुलना करणारी) वापरत असाल, आणि डेटाबेस ‘सी’ लोकेलवर, म्हणजे इंग्रजीपलीकडची अक्षरं न ओळखणाऱ्या भाषा-मांडणीवर, बांधला असेल, तर एखाद्या देवनागरी नावाची त्रिकुटं मागवून पाहा. रिकामं उत्तर आलं तर साम्य शून्यच येत राहील. साउंडेक्सचा, म्हणजे उच्चारावरून नावाला संकेतांक देण्याच्या पद्धतीचा, नाद सोडा. १९१८च्या अमेरिकी पेटंटातली ती पद्धत इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी आहे, आणि पोस्टग्रेसचीच कागदपत्रं सांगतात की यूटीएफ-८वर (देवनागरी साठवायच्या नेहमीच्या संकेतनावर) ती धड चालत नाही.

शुद्ध किल्ली

मूळ नाव जसंच्या तसं ठेवा. शेजारी एक किल्ली-रकाना तयार करा, जो फक्त जुळणी आणि शोधासाठी आहे, छापण्यासाठी नाही. त्यात: ी ची ि, ू चा ु; ऱ चा र; ष चा श; आणि परसवर्णाचा अनुस्वार, म्हणजे शिन्दे आणि शिंदे एक. मात्र हा नियम फक्त त्याच वर्गातल्या व्यंजनाआधी लावा: त-थ-द-ध आधीचा न्, प-फ-ब-भ आधीचा म्, ट-ठ-ड-ढ आधीचा ण्. सरसकट लावला तर जन्मेजयाचा ‘जंमेजय’ होतो.

हे आधी का करायचं, ते एका जोडीतून कळतं. सुनील–सुनिल यांत एका चिन्हाचा फरक. सुनील–सुशील यांतही एकाच चिन्हाचा. अंतर मोजणाऱ्या कोणत्याही सूत्राला दोन्ही सारखेच जवळचे. पहिला शुद्धलेखनाचा फरक आहे, दुसरा कदाचित सख्खा भाऊ. किल्लीत पहिला फरक शून्य होतो आणि दुसरा एक राहतो. त्यानंतरच अंतर मोजण्यात अर्थ आहे.

नियमांत न बसणाऱ्या जोड्यांसाठी छोटा कोश ठेवा: दत्तात्रय–दत्तात्रेय–दत्तू, ऋषिकेश–हृषीकेश, ऋतुजा–रुतुजा. दोनएकशे ओळींचा कोश पहिल्या आठवड्यात तयार होतो, आणि तपासनिसांनी ‘होय’ म्हटलेल्या जोड्यांतून वाढत जातो.

‘राव’, ‘बाई’ ही शेपटं काढायला हरकत नाही: विठ्ठलराव–विठ्ठल, लक्ष्मीबाई–लक्ष्मी. पण फक्त नावाच्या आणि मधल्या नावाच्या शेवटी, आणि उरलेला भाग किमान दोन अक्षरांचा असेल तरच. राव हे आडनावही असतं. ‘जी’ आणि ‘बा’ यांना हात लावू नका, नाहीतर शिवाजी, तानाजी, विठोबा सगळे अर्धवट होतील.

नावाआधीची आणि मधली लेबलं टाकून देऊ नका, वेगळ्या रकान्यात काढा. ‘सौ.’, ‘ॲड.’ यांनी फारसं बिघडत नाही. ‘कै.’ ही माहिती आहे: तो खातेदार हयात नाही, आणि वारसाचं खातं त्याच्याशी जुळायला नको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात त्या एका ओळीत दोन माणसं आहेत, मूल आणि पालक. ‘उर्फ’ (काही ठिकाणी ‘ऊर्फ’) आलं की दोन्ही नावं स्वतंत्र पर्याय म्हणून जुळवा.

नावांचा क्रम: एका स्रोतात आडनाव आधी, दुसऱ्यात शेवटी. तिन्ही शब्द अकारविल्हे लावून तुलना करणं सोपं वाटतं, पण त्यात ‘रमेश सुरेश’ आणि ‘सुरेश रमेश’, म्हणजे बाप आणि मुलगा, एक होतात. स्रोतवार क्रम ठरवून रकाने फोडा. आडनावांची यादी हाताशी असली की क्रम ओळखणं अवघड नाही.

रोमन लिपीतल्या याद्यांत अजून एक खड्डा आहे. ज्ञानेश्वरचं पहिलं अक्षर कोणी डी लिहितं, कोणी जी, कोणी जे. पहिल्या अक्षरावर गट पाडणारी प्रत्येक पद्धत इथे हरते. शक्य असेल तिथे रोमन नाव देवनागरीत आणून मगच किल्ली बनवा, आणि अशा नोंदींसाठी ळ आणि ल, ण आणि न एक धरा. मूळ देवनागरी नोंदींत तसं करू नका. काळे आणि काले वेगळे आहेत.

क्रमांक आणि तारखा

एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं. १६ अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि ओळीने दिलेले दहा क्रमांक एकच दिसू लागतात. त्यातून आलेल्या ‘जुळण्या’ पूर्ण खोट्या. फाइल घेताना रकाना मजकूर म्हणूनच घ्या. सुरुवातीची शून्यंही त्यानेच वाचतात.

पॅनची रचना ठरलेली आहे: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे अंकाच्या जागी आलेला ओ म्हणजे शून्य आणि अक्षराच्या जागी आलेला शून्य म्हणजे ओ, हे जागा पाहून दुरुस्त करता येतं. आधारचे फक्त शेवटचे चार अंक साठवले असतील तर त्यांवर एकट्याने जुळवू नका: १० लाख नोंदींत प्रत्येक चौकडी सरासरी १०० जणांची निघते. पूर्ण आधार तपासायची वेळ आली तर त्याचा शेवटचा अंक व्हर्होफ पद्धतीने आधीच्या अंकांवरून काढलेला तपासणी-अंक आहे. एका अंकाची चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल त्यातून पकडली जाते.

तारखांत दिवस-महिना उलटे झालेले असतात. दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असतील तर उलटी तारीखही अर्धी जुळणी धरा. आणि १ जून: शाळेत दाखल करताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजींनी घातलेली ही तारीख मराठी याद्यांत खोऱ्याने सापडते, फक्त वय माहीत असलेल्यांची १ जानेवारी. त्यांचं वजन वेगळं ठेवा, ते खाली येतंच.

गट पाडताना

१० लाख नोंदींच्या सगळ्या जोड्या म्हणजे जवळपास ५० हजार कोटी. सेकंदाला १० लाख तुलना झाल्या तरी पावणेसहा दिवस. म्हणून गट पाडून गटातच तुलना करतात, आणि नोंदी इथेच गुपचूप निसटतात. एकच गट-नियम कधीच पुरत नाही. किमान चार फेऱ्या घ्या आणि त्यांची बेरीज वापरा: आडनावाची किल्ली आणि जन्मवर्ष, मोबाईल, पिनकोड आणि नावाची पहिली दोन अक्षरं, पहिलं नाव आणि पूर्ण जन्मतारीख. चौथी फेरी लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठी आहे, कारण त्यांच्या नोंदीत आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतं. पहिलं नावही बदललं असेल तर पॅनशिवाय दुसरा भरवशाचा धागा उरत नाही.

२० हजार नोंदींचा गट म्हणजे सुमारे २० कोटी जोड्या, त्यामुळे बहुतेक अवजारांत मोठे गट वगळायची मर्यादा असते. वगळलेल्या गटांची यादी छापून घ्या. त्यात पाटील, जाधव, पवार, शिंदे सापडतील, म्हणजे यादीचा सर्वांत जाड भाग तपासलाच गेलेला नाही. असे गट गावाच्या संकेतांकाने पुढे फोडा. रिकाम्या किल्लीच्या नोंदी मात्र फेरीतूनच काढा, त्यांचा एक गट होऊ देऊ नका.

गाव जुळवताना ‘बु.’ आणि ‘खु.’ हा कचरा समजून काढला जातो. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावं आहेत. औरंगाबाद–छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद–धाराशिव हे २०२३मधले बदल जुन्या नोंदींत नसतात. नावांऐवजी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले गाव-संकेतांक वापरले की दोन्ही प्रश्न एकदम मिटतात.

गुण आणि उंबरठा

‘नाव ४० गुण, तारीख ३०, मोबाईल ३०’ अशी हाताने ठरवलेली वाटणी हे चुकीच्या जोड्यांचं मूळ आहे. फेलेगी आणि संटर यांनी १९६९मध्ये मांडलेला हिशेब आजही पुरतो: खऱ्या जोडीत रकाना जुळण्याची शक्यता भागिले अनोळखी जोडीत योगायोगाने जुळण्याची शक्यता, आणि त्याचा दोनाच्या पायाचा लॉगॅरिदम. समजा खऱ्या जोड्यांत आडनाव ०.९ वेळा जुळतं. यादीत दर २० जणांत एक पाटील असेल तर पाटील जुळल्याचे ४.२ गुण. दोन हजारांत एक असं आडनाव जुळलं तर १०.८. तसंच तारखेचं, तिथे खऱ्या जोडीतली शक्यता ०.९५ धरू: साधा दिवस-महिना जुळला तर सुमारे ८.४, पण यादीत ८ टक्के लोकांचा वाढदिवस १ जून असेल तर तो जुळल्याचे फक्त ३.६. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने खुलं केलेलं स्प्लिंक हे अवजार हा वारंवारितेचा फरक धरतं आणि शक्यता यादीवरूनच काढतं, हाताने आकडे घालावे लागत नाहीत.

एक नव्हे, दोन उंबरठे ठेवा. वरच्यापलीकडे आपोआप, खालच्याखाली सोडून द्या, मधलं माणसाकडे. आणि गुण कितीही असोत, दोन वेगळे वैध पॅन असलेली जोडी माणसानेच पाहायची.

जुळ्या भावंडांचं आडनाव, वडिलांचं नाव, तारीख, पत्ता, मोबाईल सगळं एकच असतं. बेरीज हमखास वर जाते. म्हणून पहिल्या नावाच्या किल्ल्या कोशातही जुळत नसतील तर आपोआप जोडणी बंद, हा स्वतंत्र नियम.

साखळीही तोडा. क ख-शी जुळला, ख ग-शी जुळला, म्हणून क आणि ग एक, या तर्काने एका सामाईक मोबाईलभोवती अख्खं कुटुंब एका क्रमांकाखाली येतं. सहापेक्षा मोठा समूह, किंवा ज्यात कोणत्याही दोघांचे गुण खालच्या उंबरठ्याखाली आहेत असा समूह, आपोआप जोडू नका.

निसटलेलं किती, हे कसं कळणार

ज्या नोंदींत पॅन दोन्हीकडे आहे आणि सारखा आहे, त्या जोड्या बाजूला काढा. पॅन रकाना लपवून नियम पुन्हा चालवा. यातल्या किती जोड्या केवळ नाव-तारीख-पत्त्यावर सापडल्या, तेच तुमच्या पकडीचं माप. न सापडलेल्यांपैकी ५० उघडून वाचा; कारणं दहा-बाराच्या वर निघत नाहीत. हीच चाचणी प्रत्येक नियमबदलानंतर चालवा आणि नियमाचा आवृत्ती-क्रमांक दुवा-तक्त्यात लिहा, म्हणजे एखादा नियम चुकला तर फक्त त्याने जोडलेल्या नोंदी सोडवता येतात. सोडवताना आधी व्यवहार आणि कर्जाच्या ओळी मूळ क्रमांकांवर परत न्या, मग दुवा बदला, आणि लगेच ती जोडी ‘वेगळ्या व्यक्ती’च्या तक्त्यात टाका. हे तिसरं काम राहिलं तर रात्रीची फेरी त्यांना सकाळपर्यंत पुन्हा जोडून ठेवते.